काळ्या वायरींची गाडी

आप्पारावनं भंगारातून इंजिन आणलं, तेव्हा त्याच्या वायरी करवतीनं कापलेल्या होत्या. कुठल्याशा अपघातात गेलेल्या नव्या ट्रकचं ते इंजिन. लोखंड धडधाकट होतं, पण ते सोडवताना भंगारवाल्यानं मनगटाएवढा जाड वायरींचा जुडगा हाताला येईल तिथं तोडला होता. इंजिनाचा कंप्युटर एका गोणीत, पायाखालच्या पॅडलचा सेन्सर दुसऱ्या गोणीत. आप्पारावच्या जुन्या ट्रकला असल्या गोष्टींची ओळखच नव्हती. त्याचं आधीचं इंजिन डिझेल आणि हवा मिळाली की चालायचं आणि बंद करायला केबल ओढावी लागायची. ते उन्हाळ्यात जॅम झालं आणि ट्रक चौसाळ्यात घरासमोर उभा राहिला.

इंजिन बसवायला फिटर मिळाले. माउंटिंग कापून, नवं जोडून, गिअरबॉक्सशी जुळवून त्यांनी ते चेसीवर बसवलंही. पण वायरिंगला कुणी हात लावेना. बीडचा एक इलेक्ट्रिशियन गोण्यांमध्ये डोकावला आणि चहा पिऊन परत गेला. मग जानकीनं भावाला फोन लावला.

तिचा भाऊ अभिमन्यू. मांजरसुंब्याच्या चौकात ढाब्यांच्या रांगेला लागून त्याचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. ट्रकवाले जेवायला थांबत, तेवढ्यात त्यांचे दिवे, हॉर्न, सेल्फ बघून द्यायचा. पण आता तो दुकान आवरत होता. बायको सुनिता नर्स. तिला पुण्याच्या एका दवाखान्यात काम मिळालं होतं आणि मुलीला घेऊन ती शाळा सुरू व्हायच्या आधीच तिकडं गेली होती. अभिमन्यूलाही पुण्यात विजेवर चालणाऱ्या बसच्या डेपोत घेणार होते. ट्रेनिंग दिवाळीनंतर. त्यानं सामान विकायला काढलं होतं, घरमालकाला सांगून ठेवलं होतं.

आप्पारावला नाही म्हणणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. आप्पाराव स्वतः ड्रायव्हर असताना, अभिमन्यू शाळा सोडून उनाडत होता तेव्हा, त्यानंच मेव्हण्याला ट्रकमध्ये घालून सोलापूरला नेलं आणि ओळखीच्या एका उस्तादाच्या दुकानात बसवलं. जे काही येत होतं ते तिथून आलं होतं. शिवाय आप्पाराव सहा महिने घरात बसून होता. कड्याच्या बाजारातला कांदा, गेवराईच्या जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी सोलापूरला नेणं, येताना सिमेंट आणणं, हा त्याचा बांधलेला धंदा होता, आणि त्याची गिऱ्हाइकं एकेक करून दुसऱ्याच्या गाडीकडं वळत होती. पाठीचं दुखणं जडल्यापासून तो स्वतः चालवत नव्हता, पण गाडी चालू असली की माणूस ताठ असायचा. आता तो दिवसभर ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या दुसऱ्यांच्या गाड्या बघायचा.

एवढं शेवटचं काम करून जातो, असं अभिमन्यूनं सुनिताला कळवलं. ती म्हणाली, करा.

ते काम त्यानं मन लावून केलं. खरं तर असलं काम त्याला आजवर मिळालंच नव्हतं. दुसऱ्या एका मेकॅनिकनं मोबाइलवर त्या इंजिनाचा नकाशा पाठवला. कंप्युटरच्या कुठल्या पिनेला काय येतं आणि काय जातं, ते एकेक मीटर लावून तपासत तो डॅशबोर्डखाली उताणा पडून राहायचा. डोकं पॅडलजवळ, पाय दाराबाहेर. जुन्या गाडीची वायरिंग जेमतेम दिव्यांपुरती. तिच्यातून नव्या इंजिनाचा सगळा व्यवहार न्यायचा होता. इंजिन किती फिरलं, पाणी किती तापलं, डिझेलचं प्रेशर किती, पाय किती दाबला, हे सगळं कंप्युटरला कळलं तरच तो डिझेल सोडणार.

वायरीचा प्रश्न आला. त्या जाडीची वायर बीडमध्ये फक्त काळी मिळाली. रंगीत बाहेरून मागवावी लागणार होती आणि अभिमन्यूला घाई होती. कुठली वायर कुठं जाते ते डोक्यात आहेच, असं म्हणून त्यानं सगळी गाडी काळ्या वायरीनं भरली. जोड डाख दिलेले, टेप घट्ट, बांधणी नीटस. पण सगळं काळं.

पहिल्यांदा सेल्फ मारला तेव्हा इंजिन नुसतं फिरत राहिलं. दोन सेन्सरच्या वायरी उलट झाल्या होत्या. त्या बदलल्या आणि पुन्हा किल्ली फिरवली, तर अर्ध्या फेऱ्यात इंजिन लागलं. आवाज इतका मऊ की आप्पारावला आधी खरंच वाटेना. त्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. जानकीनं गाडीला हळदकुंकू लावलं. त्याच दिवशी आप्पारावनं आणखी एक डबी आणून दिली, गाडी कुठं आहे ते मोबाइलवर दाखवणारी. अभिमन्यूनं तीही जोडून दिली. नकाशावर चौसाळ्यात एक हिरवा ठिपका उमटला. आप्पाराव पोरासारखा हसला.

गाडीवर माऊली नावाचा ड्रायव्हर होता. पन्नाशी ओलांडलेला, बुटका, डावखुरा, कमी बोलणारा. गाडी सहा महिने बंद असताना तो दुसरीकडं फिरून आला होता. त्या वयाच्या ड्रायव्हरला कुणी उभं करत नव्हतं. इंजिन लागलं तेव्हा तोही तिथंच होता, पण तो हसला नाही. स्टेअरिंगचं कापड पुसत बसला.

अभिमन्यू पुण्याच्या एस.टी.त बसला. पाटोद्याच्या पुढं गाडी गेली असेल, तेवढ्यात आप्पारावचा फोन आला. ट्रक भरल्या मालासह गेवराईजवळ बंद पडला होता. अभिमन्यू उतरला, रस्ता ओलांडला आणि उलट्या दिशेच्या गाडीला हात केला.

तो बिघाड खराच होता. अर्थिंगच्या पट्टीखाली रंगाचा थर राहिला होता. ते नीट करून तो मांजरसुंब्याला आला आणि दुसऱ्या दिवशी निघणार, तर गाडी पुन्हा थांबली. या वेळी एका प्लगमधली पिन मागं सरकली होती. माऊली बॅटरीचा उजेड धरून शेजारी उभा राहिला आणि त्यानं एरवी न विचारलेलं विचारलं, की हा प्लग कशाचा, तो कशाचा. अभिमन्यूला बरं वाटलं. त्यानं सगळं सांगितलं. हा निघाला तर गाडी नुसती हळू चालते, हा निघाला तर कंप्युटर आंधळा होतो, इंजिन लागतच नाही.

त्यानंतर गाडी अधूनमधून बंद पडायला लागली. कधी चकलांब्याच्या रस्त्याला, कधी तुळजापूरच्या अलीकडं, कधी सोलापूरच्या तोंडाशी. दर वेळी अभिमन्यू पिशवी उचलून जाई, डॅशबोर्डखाली शिरे, सगळे प्लग काढून पुन्हा बसवी आणि गाडी चालू होई. चूक काय होती ते मात्र सापडत नसे. जुन्या गाडीला हादरे बसतात, प्लग सैल होतात, असं त्यानं स्वतःला सांगितलं. त्यानं प्लग टेपनं गुंडाळले. तरी गाडी थांबायची.

आप्पारावनं एकदा सोलापुरात दुसरा इलेक्ट्रिशियन बोलावून बघितला. त्यानं पत्रा उघडला, आतला काळा गुंता पाहिला आणि पत्रा परत लावला. ज्यानं केलंय त्यालाच बोलवा, म्हणाला.

डेपोचं ट्रेनिंग सुरू झालं. अभिमन्यूनं मुदत मागितली, मिळाली. पुढच्या तुकडीला या, म्हणाले. ती तुकडीही बसली. मग तिकडून फोन येणं थांबलं.

तो त्या दुकानात राहत होता, पण ते दुकान राहिलं नव्हतं. फळ्या विकल्या होत्या, बोर्ड उतरवला होता. जुनं गिऱ्हाईक आलं तरी काम धरता येत नसे, कारण कुणाची गाडी उघडून ठेवली आणि दाजींचा फोन आला तर? मागच्या खोलीत एक खाट, एक पिशवी. जेवण ढाब्यावर. अंघोळीला जातानाही तो मोबाइल खिडकीत ठेवायचा. चौकातून पुण्याची एस.टी. जायची, तेव्हा तो पाठ करून बसायचा. डोळे मिटले की त्या वायरी दिसायच्या. पॅडलपासून कंप्युटरपर्यंत, कंप्युटरपासून इंजिनापर्यंत, एकेक धरून तो चालत जायचा आणि पुन्हा निघाला तिथंच यायचा.

एकदा त्यानं येत नाही म्हणून सांगितलं. ताप आहे, म्हणाला. तासाभरात जानकीचा फोन आला. ती रागावली नाही. आवाज खाली करून एवढंच म्हणाली, "तुज्याबगर त्या गाडीला कोण हाय रं?"

तो उठून गेला.

सुनितानं भांडण केलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. पण ती शांत माणूस. सुरुवातीला रोज विचारायची, कधी निघताय. मग विचारायची, गाडी कुठं बंद पडली. मग फक्त, जेवलात का. मुलगी फोनवर यायची, शाळेतलं सांगायची आणि मध्येच थांबून विचारायची, तुम्ही ऐकताय ना.

होळी होऊन गेल्यावरची गोष्ट. गाडी चकलांब्याच्या फाट्यावर थांबली होती. अभिमन्यू मोटारसायकलनं पोचला तेव्हा भर दुपार होती. रस्ता पांढरा पडला होता आणि दोन्ही बाजूंना तूर काढून नेलेली वाळकी शेतं. ट्रक एका मोठ्या कडुलिंबाखाली, रस्त्याच्या पूर्ण बाहेर, चाकांना दगड लावून उभा. ट्रकखाली गोणपाट टाकून माऊली झोपला होता.

अभिमन्यू केबिनमध्ये चढला आणि नेहमीसारखा खाली शिरला. पॅनेलच्या मागचे सगळे प्लग धुळीनं भरलेले होते. एकच स्वच्छ होता. हाताच्या घामानं धूळ पुसल्यासारखा. त्यावरची टेप नीट बसवलेली होती, पण उलट्या बाजूनं गुंडाळलेली. आपण टेप नेहमी उजवीकडं फिरवतो, हे त्याला माहीत होतं. डावखुरा माणूस ती अशी फिरवेल.

तो पाय दाराबाहेर टाकून तसाच पडून राहिला. मग त्याला एकेक जागा आठवायला लागली. तुळजापूरच्या अलीकडं ती विहीर आणि चिंच होती. सोलापूरच्या तोंडाशी ढाब्याच्या मागं सावली होती. गाडी कधी चढावर थांबली नव्हती, कधी उन्हात थांबली नव्हती, कधी रस्त्याच्या मधोमध थांबली नव्हती. बिघाडाला सावली कशी कळेल?

त्याला राग आला. इतका, की ती टेप ओढून काढून, पाना घट्ट धरून तो खाली उतरला. चार महिने. डेपो गेला, तुकड्या गेल्या, मुलगी फोनवर विचारते ऐकताय ना. ट्रकखाली वाकून त्यानं माऊलीला हाक मारायला तोंड उघडलं. माऊलीचं तोंडही उघडं होतं. गालावर माशी बसली होती, उडत नव्हती. पायांत बूट तसेच. माणूस झोपतो तसा तो झोपलेला नव्हता. कुणीतरी वरून टाकून दिल्यासारखा पडला होता.

अभिमन्यूनं हाक मारली नाही. बुंध्याला टेकून बसला. आप्पारावचे दोन फोन आले. बघतोय, अजून सापडलं नाही, असं त्यानं दोन्ही वेळा सांगितलं. सावली ट्रकच्या दुसऱ्या बाजूला गेली तेव्हा माऊली उठला, समोर अभिमन्यूला बसलेला पाहिला, त्याच्या हातातला टेपचा तुकडा पाहिला आणि पुन्हा खाली बसला.

"कवा कळलं?" त्यानं विचारलं.

"आत्ता."

माऊलीनं बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. मग तो जे बोलला ते सलग बोलला, आणि इतकं बोललेला अभिमन्यूनं त्याला कधी ऐकलं नव्हतं. जुनं इंजिन होतं तेव्हा चढाला गाडी तापायची, थांबावंच लागायचं. नवं इंजिन तापत नाही, दमत नाही. गाठी उतरवल्या की सिमेंट, सिमेंट उतरवलं की कांदा. मालक मोबाइलवर ठिपका बघतो. ठिपका थांबला की फोन. चहाला थांबलो तरी फोन. दिवाळीच्या आसपास मांजरसुंब्याच्या घाटात त्याचा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा समोर एक जीप होती, माणसांनी भरलेली. कसा फिरवला ते आठवत नाही. त्यानं मालकाला सांगितलं, दुसरा एक ड्रायव्हर जोडीला द्या. मालक म्हणाला, तुला झेपत नसेल तर सांग, दुसरा बघतो.

"मला दुसरं कोण घेणार हाय?" माऊली म्हणाला. "गाडी बंद पडली की तेवढा मालक गप बसतो. तुमी येस्तवर झोप मिळती. तुमचं वाटोळं हुतंय, कळतंय मला. पर त्या जीपमदी पोरं हुती, मिस्त्री."

अभिमन्यूनं पाना पिशवीत ठेवला. ते इंजिन त्यानंच जिवंत केलं होतं. ठिपक्याची डबीही त्याच्याच हातची. त्यानं प्लग बसवला, गाडी चालू केली आणि माऊलीला म्हणाला, की आता असं काढू नका, मी काहीतरी करतो.

आप्पारावला जाऊन सरळ सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण प्लगचं सांगितलं तर माऊली त्याच दिवशी घरी जाईल, आणि झोपेचं सांगितलं तर आप्पाराव म्हणेल, आमी न्हाई का चालवलं. तोंडानं बोलायचं अभिमन्यूला कधीच जमलं नव्हतं. त्याला वायर जोडायला जमत होतं. म्हणून त्यानं वायर जोडली.

विहिरीच्या मोटारीला ठरल्या वेळेनं बंद होण्यासाठी टायमर लावतात, त्या जातीचा, बॅटरीवर चालणारा एक टायमर त्यानं मिळवला. गाडी दिवसभर चालली की डॅशबोर्डवर लाल दिवा लागणार. त्यानंतर सावकाश बाजूला घेण्याइतका वेळ. मग पॅडलचा एक सिग्नल तुटणार आणि इंजिन बैलगाडीच्या वेगाच्या वर जाणार नाही. सहासात तास पूर्ण बंद ठेवली की दिवा विझणार. हे जोडायला त्यानं पिवळी वायर वापरली. त्या गाडीतली ती एकच रंगीत वायर.

आप्पारावला त्यानं सांगितलं, की अखेर रोग सापडला. कंप्युटर सतत चालून गरम होतो, म्हणून गाडी बंद पडत होती. आता दिवा बसवलाय. दिवा लागला की कंप्युटरला विश्रांती द्यायची. नाही दिली तर जळेल आणि तसला पुन्हा मिळणार नाही.

आप्पारावनं ऐकून घेतलं, आणि त्यानं ते अक्षरशः पाळलं. दिवा लागला की माऊली फोन करायचा, आणि आप्पारावच त्याला बजावायचा, की थांब, अजिबात हलवू नको, कंप्युटर थंड होऊ दे. गिऱ्हाइकानं घाई केली तर आप्पाराव त्याच्यावर डाफरायचा. इंजिन नाजूक हाय, म्हणायचा. माणसाचं सांगणं त्याला पटलं नव्हतं, दिव्याचं पटलं. गाडी बंद पडायची थांबली. माऊलीच्या डोळ्यांखालची काळी कडी उतरायला लागली.

अभिमन्यूनं सुनिताला फोन केला. डेपो गेला होता, पण तिच्या दवाखान्याजवळ स्कूलबस दुरुस्त करणारं एक गॅरेज होतं, तिनं विचारून ठेवलं होतं. या, म्हणाली. तो चौसाळ्याला निरोप घ्यायला गेला.

जानकीनं धपाटे केले होते. आप्पाराव खुशीत होता. जेवताना अभिमन्यूनं जायचं काढलं, तसा आप्पारावचा हात ताटात थांबला. तो म्हणाला, की जाऊन कसं चालेल. त्या दिव्याचं उद्या काही बिघडलं तर? लागायच्या वेळी लागलाच नाही, आणि कंप्युटर जळला तर? सोलापूरचा माणूस तर पत्रा उघडूनच पळाला होता. इथं चौसाळ्यातच तुला दुकानाला शटर बघून देतो, बायकोला इकडं बोलावून घे, दवाखाने इथंही आहेत. आप्पाराव हे प्रेमानं बोलत होता, आणि बोलता बोलता त्यानं ते ठरवूनही टाकलं. शटर कुणाचं, कुठल्या बाजूचं, सगळं.

अभिमन्यूनं बहिणीकडं बघितलं. ती तव्याकडं बघत होती.

आपण सुटायला म्हणून जे केलं त्यानंच आणखी एक वेढा बसला, हे त्याला ताटावर बसल्या बसल्या दिसलं. आता आप्पाराव त्या दिव्याच्या भरवशावर होता आणि दिवा अभिमन्यूच्या. हे असंच चालू राहिलं असतं. तो होय म्हणाला असता, चौसाळ्यात शटर घेतलं असतं, सुनिता आली नसती. हातातला घास त्यानं ताटात ठेवला. तो पाणी प्यायला.

"दाजी," तो म्हणाला, "कंप्युटरला काय बी हुत न्हाई. तो दिवा मी उगं लावलाय."

आप्पारावला कळलं नाही. अभिमन्यूनं पुन्हा सांगितलं. कंप्युटर रात्रंदिवस चालेल. माऊली तसा चालू शकत नाही, म्हणून दिवा. घाटात डोळा लागला होता, जीप होती, पोरं होती, हेही सांगितलं. प्लगचं मात्र सांगितलं नाही. ते सगळे बिघाड आपल्या वायरिंगचे होते, असंच ठेवलं.

आप्पाराव ताटावरून उठला. हात न धुता ओट्यावर गेला. परत आला तेव्हा त्याचा आवाज चढलेला नव्हता, बसलेला होता.

"मला येड्यात काडलंस. माज्याच घरात जेवून." मग म्हणाला, "मी बी गाडी चालवलीय. आर्दं आयुष्य. मला न्हवती का झोप?"

"हुती," अभिमन्यू म्हणाला. "तवा तुमी झाडाखाली थांबलाव तर कुणाला कळत हुतं? तुमच्या मागं हे न्हवतं." त्यानं ताटाशेजारच्या मोबाइलकडं बोट केलं. हिरवा ठिपका चालत होता.

आप्पारावनं मोबाइल उलटा ठेवला. मग म्हणाला, की गाडी उद्या येईल, तेव्हा तो दिवा काढून दे आणि मग कुठं जायचं तिथं जा.

"मी न्हाई काडणार," अभिमन्यू म्हणाला. हे शब्द आपल्याच तोंडून आले, याचं त्याला नवल वाटलं. "तुमाला काडता यील. मिस्त्री लागत न्हाई त्याला. पॅनेलखाली एक पिवळी वायर हाय, सगळ्यात एकच. पक्कड लावली की तुटंल. मंग गाडी पयल्यासारखी चालंल."

आप्पारावनं मोबाइल खिशात घातला. आत गेला आणि खाटेवर आडवा झाला. अभिमन्यूनं अर्धं राहिलेलं ताट संपवलं, कारण ते तसंच टाकून उठणं त्याला बरं दिसेना. जानकी त्याला सोडायला रस्त्यापर्यंत आली. तो थांबून राहिला, ती काहीतरी म्हणेल म्हणून. तिनं त्याच्या पिशवीत धपाट्यांची पुरचुंडी टाकली आणि म्हणाली, काही दिवस फोन करू नको, मीच करते. मग म्हणाली, "मीच सारखी बोलवत गेले तुला. जा आता. एस.टी. आली बग."

पुण्यात पहिला पंधरवडा त्याला नीट झोप आली नाही. गॅरेजात दुसऱ्याच्या हाताखाली काम होतं, पगार डेपोपेक्षा कमी, पण संध्याकाळी सुटायचं. मुलीची शाळा जवळ होती. सुनिता रात्रपाळीला गेली की बापलेक स्वयंपाक करायची. कुणाचाही फोन वाजला तरी त्याचा हात पिशवीकडं जायचा. सुनितानं ते एकदोनदा पाहिलं. पुढं तिनं ती पिशवी उचलून कपाटाच्या वर ठेवली.

माऊलीचा एकदा फोन आला, कांद्याच्या लाइनीत उभा होता. दिवा अजून लागतो, म्हणाला. आप्पाराव एके दिवशी पक्कड घेऊन केबिनमध्ये चढला होता. बराच वेळ आत बसला, मग खाली उतरला आणि टायरची हवा बघून घरात गेला. ठिपक्याबद्दल तो आता कमी विचारतो, पण विचारतो. दुसरा ड्रायव्हर काही दिलेला नाही.

पावसाळा संपत आला तेव्हा मोबाइलवर आप्पारावचं नाव उमटलं. अभिमन्यू भांडी घासत होता. त्यानं हातांचा साबण तसाच ठेवला आणि फोन वाजून वाजून बंद होऊ दिला. मग हात धुतले, पुसले, गॅलरीत गेला आणि स्वतःच लावला.

आप्पारावनं तब्येत विचारली. मग म्हणाला, की धाकट्या पोरीला नर्सिंगला घालायचंय, जानकीच्या मनात आहे, सुनिताला विचारून सांग कुठलं कॉलेज बरं. अभिमन्यू म्हणाला, विचारतो. इकडं पाऊस कसा, तिकडं कसा, ते झालं. अभिमन्यू कठडा धरून उभा होता आणि गाडीचं कधी निघतंय याची वाट बघत होता. आप्पाराव खोकला, थांबला, आणि धाकटीचे मार्क सांगायला लागला.